'मात्र'चा परिच्छेद

"हा मात्र काढून टाका, कुलथे," लोंढेसाहेब म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मी त्यांच्या टेबलाच्या कडेला उभा होतो आणि त्यांचं पेन माझ्या टिपणीच्या तिसऱ्या पानावर, सातव्या परिच्छेदाच्या पहिल्या शब्दावर टेकलेलं होतं. तो शब्द 'मात्र' असा होता. ज्यांनी सरकारी टिपण्या वाचल्या आहेत त्यांना ठाऊक असेल, आधीचे परिच्छेद योजना किती चांगली आहे ते सांगतात आणि मग एक परिच्छेद 'मात्र'नं सुरू होतो. लिहिणाऱ्याला जे खरं सांगायचं असतं ते तिथं असतं.

"शब्द काढू?" मी विचारलं.

"शब्द नाही हो. अख्खा परिच्छेद."

ही दोन हजार आठ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. कवठेपूर नगरपरिषदेत मी लेखापाल होतो आणि लोंढेसाहेब मुख्याधिकारी. वय तेहतीस, अंगात उत्साह, सकाळी साडेनवाला कचेरीत हजर. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, कारण ही हकिकत ऐकणारा प्रत्येक जण पहिल्यांदा त्यांच्यावरच संशय घेतो. त्यांनी कुणाचे पाच पैसे खाल्ले नाहीत. मीही नाहीत. कुणी खाल्ले असते तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती.

गावाच्या मधोमध, जुन्या जकातनाक्याच्या मागं बेलदार आळी होती. एकशे बारा घरं. कुठं पत्रा, कुठं मातीच्या भिंती, मधून उघडं गटार. जागा नगरपरिषदेची, माणसं तीन पिढ्यांची. ती आळी नीट बांधून द्यायची असं प्रत्येक निवडणुकीत ठरायचं आणि निवडणूक झाली की विसरायचं. लोंढेसाहेबांनी ते खरंच मनावर घेतलं. बिल्डरला जागा दिली की तो मलई खातो, आपण स्वतःच बांधू, असं त्यांचं म्हणणं. मागच्या बाजूला आळीतल्या लोकांसाठी एकशे बारा घरं, जवळजवळ फुकट. पुढं, रस्त्याच्या अंगाला, चौऱ्याऐंशी ऐसपैस फ्लॅट आणि बावीस गाळे, ते बाजारभावानं विकायचे. त्या विक्रीतून मागची घरं निघतील आणि कर्जही फिटेल. कर्जाला तारण म्हणून गावाची घरपट्टी.

दिवस तसेच होते. बायपास होत होता, औद्योगिक वसाहतीत गाड्यांच्या सुट्या भागांचा मोठा कारखाना येणार होता. दीड वर्षांत फ्लॅटचा भाव आठशेवरून साडेचौदाशेवर गेला होता. चहाच्या टपरीवर बसलेला माणूससुद्धा चौरस फुटाशिवाय बोलत नव्हता.

मी सातव्या परिच्छेदात एवढंच लिहिलं होतं की ही सगळी आकडेमोड आजचे भाव टिकतील आणि बांधकाम चालू असतानाच निम्मे फ्लॅट विकले जातील, या गृहीतावर उभी आहे. भाव बाराशेच्या खाली आले किंवा विक्री लांबली, तर हप्ते घरपट्टीतून भरावे लागतील आणि काम मध्येच थांबेल. सबब आळी एकदम रिकामी करू नये. तीन टप्प्यांत करावी. एक टप्पा राहायला गेल्यावरच पुढचा पाडावा.

साहेबांनी मला बसायला सांगितलं. चहा मागवला. मग समजूत घालावी तसं बोलले. हा परिच्छेद राहिला की कर्ज देणारी मंडळी शंका काढणार, कागद जिल्ह्याला जाणार, तिथून खुलासा मागवला जाणार. तेवढ्यात एकतीस मार्च उलटला की सवलतीचं व्याज गेलं. टप्प्याटप्प्यानं करायचं तर दोन वर्षांचं काम पाच वर्षांवर जाणार, खर्च वाढणार. म्हणजे योजना मेलीच.

"आळीतली माणसं आणखी वीस वर्षं त्या गटारावर राहतील," ते म्हणाले, "आणि तुमची टिपणी मात्र बिनचूक राहील."

मी त्या परिच्छेदावरून पुन्हा एकदा नजर फिरवली.

"तुम्ही तर कीर्तनातली माणसं, कुलथे. तुमचाच विश्वास नसेल तर कुणाचा असायचा?"

ते हसत हसत म्हणाले, पण मला ते लागलं. त्याला कारण होतं. दोनच दिवसांपूर्वी एकादशी झाली होती. आमच्या विठ्ठल मंदिरात दर एकादशीला कीर्तन असतं आणि मी टाळकऱ्यांत पहिल्या ओळीत उभा राहतो. कीर्तनाइतकं दुसरं काही मला आयुष्यात आवडलेलं नाही. चांगलं कीर्तन ऐकलं की दोन-तीन दिवस मी वेगळाच माणूस असतो, भाजीवाल्याशीसुद्धा प्रेमानं बोलतो. त्या एकादशीला महाराजांनी संशयावर निरूपण केलं होतं. संशय मनात शिरला की केलेली सेवा कशी वाया जाते, हे त्यांनी असं काही रंगवून सांगितलं की बायाबापड्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्याही आलं. ते महाराज देवाविषयी बोलत होते. फ्लॅटच्या भावाविषयी नव्हे. पण मी ते ऐकलेलं जसंच्या तसं कचेरीत घेऊन आलो होतो. मला माझा तो परिच्छेद एकाएकी कोता वाटला, करंट्या माणसानं लिहिल्यासारखा.

मी बाहेर आलो. संगणकावर बसणाऱ्या वासंती काळोखे बाईंना सांगितलं, तिसऱ्या पानावरचा सातवा काढा.

"मग आठव्याचं काय करू?" त्यांनी विचारलं.

"आठव्याला सात नंबर द्या."

त्यांनी दिला. पान इतकं सुबक दिसत होतं की तिथं काही होतं असं कुणाला वाटलं नसतं.

शुक्रवारी सर्वसाधारण सभा झाली. योजनेचा विषय सगळ्यांना पसंत होता, सत्ताधारी आणि विरोधक दोघांनाही. एकट्या रज्जाक बागवानांनी हात वर केला. त्यांचा फळांचा मोठा व्यापार. सभेत ते फारसं बोलत नसत, बोलले तर धंद्याच्या भाषेत.

"साहेब, आंब्याचा भाव सकाळी एक असतो, संध्याकाळी एक," ते म्हणाले. "घरांचा भाव तेवढा अढीत घातल्यासारखा रोज पिकतच जाणार का? उतरला तर आपण काय करायचं?"

मागून कुणीतरी म्हणालं, "बागवानशेठ, फ्लॅट नासत नाही," आणि सभागृह हसलं. बागवानही हसले, पण बसले नाहीत.

लोंढेसाहेबांनी शांतपणे सांगितलं की लेखापालांची टिपणी सर्व सदस्यांना दिलेली आहे. लेखापाल सव्वीस वर्षांचे अनुभवी आहेत. काही धोका असता तर त्यांनी तो लिहिला असता.

नगराध्यक्षाबाई माझ्याकडे वळल्या. "कुलथे, तुम्हाला काही सांगायचंय?"

मी उभा राहिलो. वीस-पंचवीस माणसं माझ्याकडे बघत होती. बागवान तर असे बघत होते की मी एक शब्द बोललो असतो तरी त्यांनी तो झेलला असता.

"टिपणीत नमूद केल्याप्रमाणे," मी म्हणालो आणि खाली बसलो.

यात खोटं काही नव्हतं. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. बागवानांनीही हात वर केला.

आता उरली होती संमतीपत्रं. आळीतल्या प्रत्येक कुटुंबानं लिहून द्यायचं होतं की आम्ही घर रिकामं करतो, ते पाडायला आमची हरकत नाही, अठरा महिने बैलबाजाराच्या मैदानावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहू आणि मग नव्या घरात जाऊ. फॉर्म वाटून आठ दिवस झाले, एकही परत आला नव्हता. कारण सगळी आळी एका माणसाकडे बघत होती. सटवाजी बेलदार.

सटवाजीनाना माझ्याहून नऊ-दहा वर्षांनी मोठे. आमच्या कीर्तनात तीस वर्षं मृदंग त्यांचाच. पेशानं गवंडी, दगडाचं काम करणारे. तालुक्यात निम्म्या देवळांच्या पायऱ्या त्यांच्या हातच्या. आळीत घडीव दगडाचं एकच घर होतं, ते त्यांचं. दोन खोल्या आणि पुढं ओटा. दिवसभर दुसऱ्याच्या कामावर राबायचं आणि संध्याकाळी येऊन स्वतःचे एक-दोन चिरे रचायचे, असं करत ते घर त्यांनी अकरा वर्षांत उभं केलं होतं. दगड उचलून द्यायला बायको, सोजरबाई. गटाराचं पाणी बाकीच्या घरांत शिरायचं, नानांच्या ओट्याला लागून परत जायचं. म्हणजे योजनेची गरज आळीत सगळ्यांत कमी कुणाला असेल तर त्यांना. त्यांचं जायचं होतं सगळ्यांत जास्त.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या टेबलापाशी आले. हातात कापडी पिशवी, तीत त्यांच्या घराचा फॉर्म. कचेरीत ते मला नेहमी 'साहेब' म्हणत आणि मंदिरात 'माऊली'. ही सीमा त्यांनीच आखलेली होती, मी कितीदा सांगूनही ते ती मोडत नसत. त्या दिवशी ते खुर्चीवर बसले, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "साहेबाला न्हाई इचारत. माऊलीला इचारतो."

"विचारा की, नाना."

ते आधी आळीतल्या माणसांचं सांगत बसले. कोण काय म्हणतं, कुणाला फ्लॅटात म्हशी कुठं बांधायच्या याची काळजी, कुठली सासू सुनेला म्हणते वरच्या मजल्यावर तू राहा, मी खालीच मरते. आम्ही दोघंही हसलो. सोजरबाईंचा दमा वाढलाय, डॉक्टर म्हणतात ओलीत राहू नका, तेव्हा आळीचं गटार गेलं तर तिलाही बरंच, असंही म्हणाले. मग पिशवीतून फॉर्म काढून त्यांनी माझ्या टेबलावर सपाट केला.

"मी चाळीस वरसं कामावर हाय," ते म्हणाले. "काम बंद पडतं ते शिमिट संपलं म्हणून न्हाई, गवंडी पळाला म्हणून न्हाई. पैका संपला म्हणून पडतं. घर पाडायला दीड दिस लागतो, माऊली. बांधायचं कसं काय हाय, ते हिशेब तुमच्याकडं. तेवढं सांगा. पैका पुरंल का?"

माझ्या डोक्यात तो परिच्छेद शब्दन्शब्द होता. मी तो त्यांना म्हणून दाखवू शकलो असतो. नाना, बाराशेच्या खाली भाव गेला तर पुरणार नाही. एकदम घरं सोडू नका, टप्प्याटप्प्यानं मागा, तुम्ही अडून बसलात तर साहेबांना ऐकावंच लागेल. एवढं बोलायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण मग ते कुठं लिहिलंय, का लिहिलं नाही, सभेत का बोलला नाहीत, हे सगळं आलं असतं. शिवाय मला खरंच वाटत होतं, आज हे सांगतो, मी शपथेवर सांगतो, मला वाटत होतं की होईल. इतक्या चांगल्या कामाला देव कसा कमी पडू देईल, असं मला वाटत होतं.

मी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत घातला.

"पुरेल," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझंच पेन मागून घेतलं आणि फॉर्मवर सावकाश, एकेक अक्षर घडवल्यासारखी सही केली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाकीचे एकशे अकरा फॉर्म आले.

मार्चमध्ये आळी पाडली. मातीची घरं भराभर गेली. नानांच्या घरापाशी जेसीबीला निम्मी सकाळ लागली. ते स्वतः बाजूला उभे राहून ड्रायव्हरला कुठं दात लावायचा ते सांगत होते, कारण तो भलतीकडे लावून मशिन मोडून घेईल असं त्यांना वाटत होतं. सोजरबाई शेडकडे निघून गेल्या होत्या. मी कचेरीच्या गच्चीवरून थोडा वेळ बघितलं आणि खाली आलो.

पुढचं थोडक्यात सांगतो. पहिल्या सहा महिन्यांत एकोणीस फ्लॅटचं बुकिंग झालं. आम्ही पेढे वाटले. मग त्या वर्षीच्या शेवटी शेवटी परदेशात मोठमोठ्या बँका बुडाल्याचं पेपरात यायला लागलं. मी ते वाचत होतो आणि दुसऱ्या गावच्या पुराची बातमी वाचावी तसं पान उलटत होतो. नोव्हेंबरात कारखाना पुढं ढकलल्याची बातमी आली. जानेवारीत तो येणारच नाही असं कळलं. ज्यांनी बुकिंग केलं होतं ते पैसे परत मागायला आले, त्यांतले निम्मे त्याच कारखान्यात नोकरी लागेल म्हणून फ्लॅट घेणारे होते. भाव हजारावर आला आणि हजारानंही कुणी विचारेना. ठेकेदारानं दुसरा स्लॅब टाकला, दोन बिलं थकल्यावर माणसं कमी केली आणि एके दिवशी मिक्सरसुद्धा घेऊन गेला. कर्जाचे हप्ते घरपट्टीतून जाऊ लागले. रस्त्यावरचे दिवे दिवसाआड लागायचे. झाडूवाल्यांचे पगार दोन-दोन महिने व्हायचे नाहीत, आणि त्यांतले कितीतरी त्याच शेडमध्ये राहत होते. बरोबर मी लिहिलं होतं त्याच क्रमानं सगळं झालं. लोंढेसाहेबांची बदली झाली. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, "कुलथे, कुणाला कल्पना होती?" त्यांना खरंच आठवत नव्हतं.

कधी कधी मला वाटायचं, आता कुणीतरी येऊन मला जाब विचारेल. बागवानशेठ एकदा रस्त्यात भेटले. थांबले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग "घरी सगळे बरे?" एवढं विचारून गेले. तो परिच्छेद होता हे तीन माणसांना ठाऊक होतं. त्यांतले एक बदलून गेले होते, काळोखेबाईंनी निवृत्ती घेतली होती, आणि तिसरा मी.

पत्र्याची शेड अठरा महिन्यांसाठी बांधली होती. बारा बाय दहाची एकेक खोली, मध्ये पत्र्याचाच आडोसा, शेजारी कुणी कुशीवर वळलं तरी ऐकू यायचं. उन्हाळ्यात दुपारी पत्रा इतका तापायचा की लोक भिजवलेली पोती वर टाकायचे आणि ती तासाभरात कडकडीत व्हायची. पावसाळ्यात मैदानभर चिखल. सोजरबाईंचा दमा तिथं बळावला. नाना मात्र एकादशी चुकवत नव्हते. यायचे, मृदंगाला शाई नीट बसली आहे का बघायचे, मला "माऊली" म्हणून पाया पडायचे, वारकऱ्यांच्या रीतीप्रमाणे मीही त्यांच्या पडायचो आणि कीर्तन उभं राहायचं. मी त्यांच्या नजरेला नजर देत नव्हतो. त्यांना ते कळत असेल का, हे मला समजायचं नाही.

पाचव्या उन्हाळ्यात सोजरबाई गेल्या. दुपारच्या वेळी श्वास लागला, रिक्षा मैदानाच्या टोकाशी येईपर्यंत संपलं होतं.

घरं पुढं मिळाली, हेही सांगायला हवं. सरकारनं अपुरी योजना ताब्यात घेतली, नवा ठेकेदार नेमला आणि पाडापाडीनंतर अकराव्या वर्षी सोडतीनं किल्ल्या वाटल्या. तेव्हा मी निवृत्त झालो होतो. यादीत सटवाजी बेलदार यांचं नाव होतं, दुसरा मजला, खोली क्रमांक चौदा. ते त्याच्या दीड वर्ष आधी वारले होते. किल्ली पुतण्यानं घेतली. पण मला सांगायची आहे ती गोष्ट त्याही आधीची, सोजरबाईंच्या तेराव्यानंतरच्या दुपारची.

मी त्या दिवशी ठरवून गेलो होतो. रात्रभर मनात वाक्यं जुळवली होती. नाना शेडमध्ये एकटेच होते. खाट भिंतीला उभी करून ठेवलेली, ते खाली घोंगडीवर बसले होते. मला बघून उठायला लागले, मी खांद्याला धरून बसवलं. त्यांनी माठातलं पाणी दिलं. बराच वेळ सोजरबाईंचंच बोलणं चाललं होतं. दगड उचलताना ती कशी पुटपुटायची, लग्नात तिला आंदण म्हणून काय मिळालं होतं, असलं. मग त्यांनी घोंगडीची सुरकुती हातानं सारखी केली, आणि मला वाटलं, आत्ता नाही बोललो तर कधीच नाही.

मी त्यांना सगळं सांगितलं. सातवा परिच्छेद, त्यात काय लिहिलं होतं, लोंढेसाहेब काय म्हणाले, मी तो कसा काढला, सभेत उभा राहून काय बोललो. आणि शेवटी म्हणालो, "तुम्ही त्या दिवशी विचारलंत, तेव्हा मला माहीत होतं, नाना. पुरेल की नाही याची खात्री नव्हती, हे मला माहीत होतं. तरी मी पुरेल म्हणालो."

ते पत्र्याकडे बघत होते. माझ्या अंगातून घाम वाहत होता. मला वाटलं, आता ते मला बाहेर जायला सांगतील. खरं तर मला तेच हवं होतं.

"मला ठाव हुतं," नाना म्हणाले.

मी हातातला पेला खाली ठेवला.

"कागदाचं न्हाई. कागदातलं मला काय कळतंय. पर तुम्ही 'पुरंल' म्हणालात ते एक मात्रा उशिरा म्हणालात. चष्मा पुसलात आन् मग म्हणालात. तीस वरसं तुमच्या बगलंला वाजिवतोय, माऊली. तुम्ही समंवर कवा येता, कवा चुकता, ते मला बघायला लागत न्हाई."

"मग सही का केलीत?" मी विचारलं. "कळलं होतं तर सही का केलीत, नाना?"

त्यांनी दोन्ही पंजे मांडीवर ठेवले. वाजवायला बसताना ठेवतात तसे.

"आमच्यात रीत हाय," ते म्हणाले. "म्हणणारा सम चुकला, तर वाजिवणाऱ्यानं त्ये दाखवायचं नसतं. त्याला उघडं पाडायचं नसतं. आपून हात जरा मागं घ्यायचा, त्याला येऊ द्यायचं, आन् जणू हितंच सम हुती असं वाजिवून मोकळं व्हायचं. लोकांना कळत न्हाई. म्हणणाऱ्याला बी कवाकवा कळत न्हाई. बुवा लोक किती चुकत्यात, मी कुणाला कळू दिलं न्हाई आजवर." ते थांबले. "तुम्ही चुकलात ते मला ऐकू आलं. हाताला सवय हुती. सांभाळून घेतलं."

बाहेर कुणीतरी पोत्यांवर पाणी मारत होतं, ते पत्र्यावरून निथळून दारात पडत होतं.

"त्ये कीर्तन न्हवतं, येवढंच माझ्या ध्यानात आलं न्हाई," नाना म्हणाले. "तिथं हात थांबवायला पायजे हुता. म्हणायला पायजे हुतं, माऊली, परत सांगा. शंभर घरं माझ्या मागं हुती. सोजरा हुती. चुकलं माझं."

आणि त्यांनी माझ्यापुढं हात जोडले.

ते हात मी धरून खाली करायला हवे होते. निदान, नाना, असं करू नका, एवढं तरी म्हणायला हवं होतं. मी म्हणालोही, पण तोवर त्यांनी हात सोडले होते आणि माझा पेला भरून आणायला ते माठाकडे वळले होते.